मंद आंचेवर शिजविलेले खिम्याचे गोळे

मार्था व मरीया या दोन बहिणींची गोष्ट आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. घरीं थोर पाहुणा आलेला. एक बहीण त्याच्या पायांशीं बसून बोलणें ऐकते, आणि दुसरी स्वयंपाकाच्या धांदलीनें त्रासून जाते. लूकच्या शुभवर्तमानांतील ही गोष्ट वाचून मरीयेचें अनुकरण करावें असें पाळकसाहेब सांगतात. परंतु ज्या घरीं नाताळांत पंचवीस-तीस माणसें जेवावयास येतात, त्या घरची गृहिणी मनांतल्या मनांत मार्थेचीच बाजू घेते, असा आमचा अनुभव आहे. सगळ्याच मरीया झाल्या तर रांधणार कोण? पाहुण्यांस बोलवावें आणि त्यांच्याशीं दोन शब्दही बोलावयास मिळूं नयेत, हें दुःख लहान दिसलें तरी खरें आहे. आज आम्ही ज्या उपायाविषयीं लिहिणार आहों, तो या दुःखावरचा आहे. परंतु तोच उपाय नीट न समजतां योजला तर पाहुण्यांच्या जिवावर बेतूं शकतो. म्हणून पाककृतीबरोबर तिच्यामागील कारणेंही सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अमेरिकेंत ख्रिस्ती मंडळ्यांच्या सभागृहांत ‘पॉटलक’ नांवाचें सहभोजन होत असतें. प्रत्येक कुटुंबानें एकेक पदार्थ घरून शिजवून आणावयाचा आणि सर्वांनीं मिळून जेवावयाचें. आपल्या मंडळ्यांतील प्रीतिभोजनाशीं त्याचें जवळचें नातें आहे. फरक एवढाच कीं, आपल्याकडे एकच मोठें पातेलें चढतें व तिकडे पंचवीस लहान भांडीं येतात. अशा मेजावर एका बाजूस विजेच्या तारा जोडलेलीं, कांचेच्या झांकणाचीं, लांबट गोल भांडीं ओळीनें मांडलेलीं दिसतात. त्यांपैकीं एकांत तरी खिम्याचे लहान गोळे गोडसर-आंबट तांबड्या रसांत मुरत पडलेले असावयाचेच. लोक दांतकोरणीच्या काडीनें एकेक गोळा टोंचून उचलतात आणि उभ्याउभ्याच खातात. या भांड्यास तिकडे ‘स्लो कुकर’ म्हणतात. आम्ही या लेखांत त्यास मंदपात्र म्हणूं.

तिकडची रूढ कृति इतकी सोपी आहे कीं हंसूं यावें. दुकानांतून आधींच शिजवून गोठविलेल्या गोळ्यांची पिशवी आणावी, ती मंदपात्रांत रिकामी करावी, तीवर द्राक्षांच्या जेलीची एक बरणी व चिली सॉसची एक बाटली ओतावी, झांकण लावावें आणि दुसऱ्या कामास लागावें. नांव चिली असलें तरी हा सॉस तिखट नसतो. टोमॅटो, व्हिनेगार, साखर व थोडा मसाला यांचा तो दाट रस असतो. मांसांत जेली हें ऐकून आपल्या इकडील कित्येक वाचक नाक मुरडतील. परंतु ज्यांच्या आमटींत नित्य चिंच-गूळ पडतो, त्यांनीं तरी तसें करूं नये. आंबट, गोड व खारट यांचा जो मेळ आपण चिंच-गुळानें साधतों, तोच तेथील गृहिणी बाटली व बरणी उघडून साधते.

गोळे मात्र अमेरिकेचे नव्हेत. कोफ्ता हा शब्द फार्सींतील ‘कुटणें’ या अर्थाच्या क्रियापदापासून निघाला, आणि खिमा हा शब्दही तुर्की-फार्सी वाटेनेंच आपल्या बोलींत आला. मांस बारीक करून त्याचे गोळे वळण्याची रीति तुर्कस्तान, इराण, इटली, जर्मनी अशा अनेक देशांत आहे. स्वीडनमधील गोळे तर जगप्रसिद्ध. २०१८ सालीं त्या देशाच्या अधिकृत खात्यावरून असें जाहीर करण्यांत आलें कीं, ही कृति बाराव्या चार्ल्स राजानें अठराव्या शतकाच्या आरंभीं तुर्कस्तानांतून आणिली. हा राजा १७०९ सालीं पोल्टाव्हाच्या लढाईंत रशियाकडून पराभूत होऊन पुढें कित्येक वर्षें तुर्की सुलतानाच्या राज्यांत राहिला होता, एवढें खरें. परंतु परत जातांना त्यानें पाककृतीही बरोबर नेली, यावर आम्ही तितकासा भरंवसा ठेवणार नाहीं. राजेलोकांच्या नांवावर खपणाऱ्या पाककृति सर्व देशांत सांपडतात.

मंदपात्राची हकीकत याहून मनोरंजक आहे. यहुदी धर्मशास्त्राप्रमाणें शब्बाथ दिवशीं विस्तव पेटवावयाचा नसतो. तेव्हां पूर्व युरोपांतील यहुदी कुटुंबें शुक्रवारीं सूर्यास्तापूर्वीं मांस, घेवड्याचे दाणे, बटाटे व धान्य एका मडक्यांत भरून गांवच्या भटारखान्यांत नेऊन ठेवीत. दिवसभराच्या पावांनंतर भट्टी निवत चाललेली असे. त्या उरलेल्या धगींत तें मडकें रात्रभर राही आणि शनिवारीं दुपारीं ऊन ऊन अन्न घरीं येई. या पदार्थास ‘चोलंट’ म्हणतात. (आपल्या कोंकणांतील बेने इस्राएल लोक तेलाचा घाणा चालवीत, परंतु शनिवारीं तो बंद ठेवीत, म्हणून त्यांस ‘शनवार तेली’ असें नांव पडलें, हें येथें सहज आठवतें.) अर्व्हिंग नॅक्सन नांवाच्या एका अमेरिकन यहुदी संशोधकाच्या आईनें आपल्या लहानपणींची लिथुआनियांतील ही आठवण त्यास सांगितली, आणि भटारखान्याच्या भट्टीचें काम विजेच्या तारेनें करून घ्यावें असें त्याच्या मनांत आलें. त्यानें १९३६ सालीं अर्ज केला व १९४० सालीं त्यास पेटंट मिळालें. त्याचें यंत्र मुख्यतः घेवड्याचे दाणे शिजविण्यासाठीं विकलें जाई व फारसें गाजलें नाहीं. १९७० सालीं कॅन्सास शहरच्या रायव्हल कंपनीनें त्याचा धंदा विकत घेतला आणि पुढच्याच वर्षीं तें यंत्र ‘क्रॉक-पॉट’ या नांवानें बाजारांत आणलें. त्या काळीं अमेरिकेंतील स्त्रिया मोठ्या संख्येनें नोकरीस लागल्या होत्या. सकाळीं निघतांना भांडें लावावें व सायंकाळीं परत यावें तों जेवण तयार, ही सोय त्यांस इतकी मानवली कीं थोड्याच वर्षांत तें भांडें घरोघर झालें.

आपल्या देशांत अशी कल्पना कोणास सुचलीच नव्हती, असें मात्र समजूं नये. १९१० सालीं बंगालमधील डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनीं इकमिक कुकर तयार केला. एका नळकांड्यांत डब्यावर डबा, तळाशीं कोळशांची लहानशी शेगडी, आणि वाफेवर भात, वरण, भाजी व मांस एकदमच मंदपणें शिजत राहावयाचें. एकट्यानें राहणाऱ्या पुष्कळ कारकुनांचा व विद्यार्थ्यांचा तो आधार होता. ज्यांच्या माळ्यावर आजोबांचा इकमिक पडला असेल, त्यांनीं तो खालीं काढून त्याची रचना एकदां अवश्य पाहावी.

मंदपात्राची रचना त्याहूनही साधी आहे. बाहेर धातूचें कवच, त्याच्या भिंतींत तापणारी तार, आंत जाड चिनीमातीचें भांडें, वर कांचेचें झांकण. सहा लिटरच्या पात्रास सुमारें अडीचशें ते तीनशें वॅट वीज लागते. म्हणजे पांच तास चाललें तरी खर्च सव्वा ते दीड युनिट. उष्णता तळाशीं एकवटत नसून चोहोंबाजूंनीं हळूहळू शिरते, त्यामुळें पदार्थ सहसा करपत नाहीं व वारंवार ढवळावा लागत नाहीं. झांकणाखालीं जमलेल्या वाफेचें पाणी होऊन तें परत भांड्यांतच पडतें. म्हणून रस आटत नाहीं. पातेल्यांत घालतों तितकें पाणी येथें घातलें तर शेवटीं गोळे पाण्यांत पोहतांना सांपडतील. पात्रावर ‘लो’ व ‘हाय’ अशा दोन खुणा असतात. पहिलीवर पदार्थ कमी तापतो असा पुष्कळांचा समज आहे. बहुतेक पात्रांत शेवटची उष्णता दोहोंचीही जवळजवळ सारखीच, म्हणजे उकळीच्या किंचित् खालींवर असते. फरक असतो तो तेथवर पोंचण्यास लागणाऱ्या वेळाचा. ‘वॉर्म’ ही तिसरी खूण शिजलेलें अन्न ऊन ठेवण्यापुरती आहे. तीवर कच्चें मांस कधींही शिजत घालूं नये.

ज्यांचे नातेवाईक अमेरिकेंतून असें पात्र भेट म्हणून आणतात, त्यांस एक सूचना. तिकडची वीज १२० व्होल्टची व आपली २३० व्होल्टची. तीच तार दुप्पट दाबाखालीं घातली म्हणजे उष्णता दुप्पट न होतां दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांनीं आंकडे मांडून पाहावे. उत्तर साडेतीनपटीहून अधिक येईल. तेवढ्या उष्णतेनें तें यंत्र मंद राहत नाहीं आणि फार वेळ टिकतही नाहीं.

आपल्या घरोघर असलेल्या प्रेशर कुकरांत दाबामुळें उष्णता १२० अंश सेंटिग्रेडच्या आसपास चढते. मंदपात्र शंभराच्या वर कधींच जात नाहीं. यामुळें दोन गोष्टी घडतात. पहिली अशी कीं, मांसावर जो खमंग तपकिरी थर येतो तो येथें येत नाहीं. त्यास सुमारें १४० अंशांची कोरडी उष्णता लागते, म्हणून गोळे आधीं भाजून घ्यावे लागतात. दुसरी गोष्ट मांसाहार न करणाऱ्यांनींही लक्षांत ठेवावी. कच्चा राजमा भिजवून तसाच मंदपात्रांत घालूं नये. त्यांत एक विषारी द्रव्य असतें. तें खळखळत्या उकळीनें नाहींसें होतें, परंतु मंद उष्णतेनें होत नाहीं. भिजविलेलें पाणी फेकून, ताज्या पाण्यांत अर्धा तास चांगला उकळून मगच राजमा या भांड्यांत घालावा.

आतां मुख्य धोक्याकडे वळूं. मांसाच्या अखंड तुकड्यावर जे सूक्ष्म जंतू असतात ते बहुधा पृष्ठभागींच असतात, आणि पृष्ठभाग तव्यावर पडतांच मरतात. खिमा करतांना मात्र पृष्ठभाग आंत मिसळला जातो. बाहेरचा जंतु गोळ्याच्या मध्यभागीं जाऊन बसतो. म्हणून खिम्याच्या बाबतींत मध्यभाग किती तापला यालाच महत्त्व. १९९३ सालीं अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत नीट न शिजलेल्या खिम्याच्या चकत्या घातलेले पाव खाऊन सातशेंहून अधिक माणसें आजारी पडलीं व चार मुलें दगावलीं. मुलांस आवडतें म्हणून आईबापांनीं कौतुकानें घेऊन दिलेला तो खाऊ होता. त्यानंतर, १९९४ सालीं, तेथील सरकारनें हा जंतु असलेला गाईच्या मांसाचा कच्चा खिमा विक्रीस अयोग्य ठरविला. त्या देशाच्या शेतकी खात्याचा दंडक असा आहे कीं, बकरें, मेंढी, गाय किंवा डुक्कर यांच्या खिम्याचा मध्यभाग ७१ अंश सेंटिग्रेडपर्यंत व कोंबडीचा ७४ अंशांपर्यंत तापला पाहिजे. आणि शिजलेलें अन्न ६० अंशांहून ऊन किंवा ४ अंशांहून थंड ठेविलें पाहिजे. या दोन आंकड्यांच्या मधला प्रदेश जंतूंचा. अनुकूल उष्णता मिळाली तर कित्येक जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. म्हणजे एका जंतूचे एक तासांत आठ, चार तासांत ४,०९६, आणि सात तासांत वीस लाखांहून अधिक. चौथ्या इयत्तेंतील मुलालाही करतां येण्याजोगा हा गुणाकार आहे, परंतु स्वयंपाकघरांत तो फार थोड्या लोकांच्या ध्यानांत येतो.

आमच्याही ध्यानांत तो उशिराच आला. एका नाताळच्या दिवशीं सकाळीं साडेआठ वाजतां आम्हीं दोन किलो खिम्याचे कच्चे गोळे पात्रांत घालून, खूण ‘लो’वर लावून, सर्व मंडळी उपासनेस गेलों. एक वाजतां परत आलों तों पात्राचा दिवा लागलेला, आणि झांकणावर हात ठेवावा तर तें नुसतें कोमट. विजेवर चालणारें घड्याळ शून्यावर लुकलुकत होतें. वीज गेली होती व परत आली होती, एवढें त्यावरून कळलें. केव्हां गेली आणि किती वेळ गेली, हें सांगणारें कोणी नव्हतें, कारण शेजारीही आमच्याबरोबर उपासनेसच आले होते. सायंकाळीं पंचवीस माणसें यावयाचीं होतीं.

आमच्या मोठ्या आत्याबाई म्हणाल्या, “अरे, फेकतां कशाला? पातेल्यांत ओता आणि खळखळून उकळा. उकळल्यावर काय जिवंत राहतंय?” धाकट्या वहिनींनीं भीतभीत म्हटलें, “आत्याबाई, जंतू मरतील हो, पण त्यांनीं टाकलेलं विष उरतंच ना?” आत्याबाईंस राग आला. दुष्काळ पाहिलेलें तें माणूस. अन्न टाकणें त्यांच्या दृष्टीनें पापच. आम्हांसही तो खर्च डोळ्यांपुढें दिसत होता. परंतु वहिनींचें म्हणणें शास्त्रास धरून होतें. कांहीं जंतू अन्नांत वाढतांना असें विष निर्माण करतात कीं, तें उकळण्यानें नाश पावत नाहीं. आणि अशा अन्नाचा वास, रंग किंवा चव मुळींच बिघडलेली नसते. तोच शेतकी विभाग स्पष्ट सांगतो कीं, आपण घरीं नसतां वीज गेली असेल तर पात्रांतील अन्न शिजलेलें दिसलें तरी टाकून द्यावें. आम्हीं तें परसांत खड्डा करून पुरलें. आत्याबाई त्या सायंकाळीं कोणाशीं फारसें बोलल्या नाहींत. पाहुण्यांनीं बटाट्याचा रस्सा व पुलाव खाल्ला. आम्हांस अजूनही वाटतें कीं, त्या रागाचें कारण खिमा नव्हता. इतकीं वर्षें सर्वांस जेवूं घालणाऱ्या बाईस तिच्याच स्वयंपाकघरांत कोणी शिकविलें, हें त्यांस लागलें. पुढच्या नाताळांत आम्हीं मसाल्याचें प्रमाण त्यांसच विचारलें, आणि खालील कृतींतील आलें-लसूण त्यांचेंच आहे.

त्या दिवसापासून आमच्या घरीं नियम झाला. कच्चे गोळे मंदपात्रांत घालावयाचेच नाहींत. गोळे भट्टींत किंवा तव्यावर पुरते शिजवून घ्यावयाचे, आणि मंदपात्राकडे दोनच कामें ठेवावयाचीं: रस मुरविणें व जेवण ऊन राखणें. अमेरिकेंतील सोपी कृति निर्धोक असण्याचें रहस्यही हेंच आहे, कीं पिशवींतील गोळे आधींच शिजलेले असतात. कच्चें गोठविलेलें मांस मात्र त्या पात्रांत कधींही घालूं नये. तें वितळून तापेपर्यंत जंतूंना मोकळें रान मिळतें.

पंचवीस माणसांसाठीं बकऱ्याचा खिमा दोन किलो घ्यावा. खाटकास सांगून थोडी चरबी त्यांत राहूं द्यावी. अगदीं कोरड्या मांसाचे गोळे भुशासारखे लागतात. पावाचा पांढरा गाभा २५० ग्रॅम कुसकरून ३०० मिलिलिटर दुधांत दहा मिनिटें भिजवावा व हातानें त्याचा मऊ लगदा करावा. पुष्कळ लोक पाव हा खिमा पुरवठ्यास आणण्यासाठीं घालतात असें समजतात. खरें कारण निराळें आहे. मांसांतील तंतू तापले कीं आंवळतात व आपल्यांतील पाणी पिळून टाकतात. दुधांत भिजलेला पाव त्या तंतूंच्या मध्यें शिरून बसतो, त्यांस घट्ट बिलगूं देत नाहीं, आणि पाणी धरून ठेवतो. हा लगदा घातलेला गोळा दुसऱ्या दिवशींही मऊ असतो. लगद्यांत तीन अंडीं, दोन मोठे कांदे किसून व परतून गार केलेले, आलें-लसूण वाटून चार मोठे चमचे, मिरपूड दोन चहाचे चमचे, गरम मसाला एक चहाचा चमचा, मूठभर बारीक चिरलेली कोथिंबीर आणि मीठ ३० ग्रॅम, म्हणजे सपाट पांच चहाचे चमचे, घालून प्रथम हें सर्व सारखें करावें. मग खिमा घालावा. खिमा घातल्यावर मळण्याचा उत्साह आंवरावा. मिठामुळें मांसांतील चिकट द्रव्य सुटतें, आणि जितकें अधिक मळावें तितकें तें गोळ्यास रबरासारखें करतें. सर्व एकजीव झालें कीं हात काढून घ्यावा.

चव कशी आहे हें पाहण्यासाठीं कच्चा खिमा जिभेस लावूं नये. सुपारीएवढा गोळा तव्यावर भाजून तो चाखावा. हें काम आमच्या घरीं मुलांकडे असतें व तें कधीं रेंगाळत नाहीं.

हातास पाणी लावून लहान लिंबाएवढे, सुमारें तीस-तीस ग्रॅमचे गोळे वळावे. वर दिलेल्या प्रमाणांत नव्वदांच्या आसपास होतात. सर्व एका आकाराचे असावे, नाहींतर लहान वाळतात व मोठे कच्चे राहतात. भट्टी असेल तर २०० अंशांवर पंधरा ते वीस मिनिटें, नसेल तर जाड तव्यावर थोड्या तेलांत, मधून मधून फिरवीत मंद विस्तवावर शिजवावे. सर्वांत मोठा गोळा काढून त्याच्या मध्यभागीं उष्णतामापक खुपसावा व ७१ अंश भरले कीं नाहीं तें पाहावें. आंतला रंग तपकिरी झाला म्हणजे शिजलें, ही समजूत भरंवशाची नाहीं. कांहीं खिमा पुरता तापण्यापूर्वींच रंग बदलतो. आणि अर्धे भाजून, थंड करून, ‘उरलेलें उद्यां शिजवूं’ असें कधीं करूं नये. अर्धवट उष्णतेनें जंतू मरत नाहींत, त्यांस ऊब मात्र मिळते.

रसासाठीं अमेरिकेंतील काळसर द्राक्षांची जेली आपल्याकडे सहज मिळत नाहीं. आमच्या मतें पेरूची जेली तिच्याहून सरस ठरते, कारण तिच्यांत आंबटपणा अधिक असतो. आणि आपल्या पुष्कळ ख्रिस्ती घरीं ती हिंवाळ्यांत होतेच. जेली ६०० ग्रॅम, टोमॅटोचा दाट सॉस ७०० ग्रॅम, व्हिनेगार चार मोठे चमचे व लाल मिरचीची पूड आपल्या सोसण्याप्रमाणें, हें पातेल्यांत उकळीपर्यंत आणावें. पाणी घालूं नये. ज्यांस जेली रुचत नसेल त्यांनीं चिंचेचा कोळ व गूळ यांचा दाट रस करावा. तो करतांना आम्ही त्यांत भाजलेल्या जिऱ्याची पूड घालतों. रस उकळता असतांनाच मंदपात्रांत ओतावा, वर ऊन ऊन गोळे सोडावे, हलक्या हातानें एकदां खालींवर करावें आणि झांकण लावावें. सहा लिटरचें पात्र यानें साधारण दोनतृतीयांश भरतें, आणि तेवढेंच भरलेलें असावें. कांठोकांठ भरलेलें पात्र मधें लवकर तापत नाहीं. ‘लो’वर दोन-अडीच तासांत रस गोळ्यांत मुरतो. या वेळांत झांकण उघडूं नये. प्रत्येक वेळीं सांठलेली वाफ निघून जाते व गेलेली उष्णता भरून निघण्यास वीस-वीस मिनिटें लागतात. कांचेचें झांकण पाहण्यासाठींच केलेलें आहे. तें वाफेनें धुरकट झालें तर बाहेरून टिचकी मारावी, थेंब ओघळून आंतलें दिसतें.

पाहुणे येऊं लागले कीं खूण ‘वॉर्म’वर आणावी. मधून उष्णतामापक घालून ६० अंशांच्या वर आहे ना, तें पाहावें. वीज गेली तर घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवावी व गोळे ताबडतोब पातेल्यांत काढून चुलीवर मंद उकळत ठेवावे. आपण घरांत आहों म्हणूनच हें शक्य होतें. मंदपात्र लावून बाहेरगांवीं जाण्याची अमेरिकन रीति आपल्या इकडील विजेस मानवत नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे. घरांतल्या घरांत मोकळें राहणें एवढीच सोय त्यापासून घ्यावी. पाहुण्यांजवळ बसावें, गाणीं म्हणावीं, म्हाताऱ्यांची विचारपूस करावी. दर तासास एकदां उठून उष्णता पाहिली कीं काम झालें. ज्यांच्याकडे असें पात्र नाहीं त्यांनीं जाड बुडाचें पातेलें तव्यावर ठेवून, तव्याखालीं बारीक विस्तव राखावा. परिणाम जवळजवळ तोच; थोडें अधिक ढवळावें लागतें इतकेंच.

उरलेले गोळे पात्रांत तसेच ठेवून झोंपीं जाऊं नये. मोठ्या प्रमाणावर शिजविलेल्या मांसांत कांहीं जंतू बीजरूपानें उकळींतूनही वांचतात, आणि अन्न हळूहळू निवूं लागलें कीं पुन्हां जागे होतात. मेजवानीनंतर दुसऱ्या दिवशीं घरेंच्या घरें पोटदुखीनें हैराण होतात, त्यांत पुष्कळदां हेंच कारण असतें. पात्र बंद केल्यावर दोन तासांच्या आंत, आणि उन्हाळ्यांत एका तासाच्या आंत, गोळे पसरट व उथळ भांड्यांत काढून थंड कपाटांत ठेवावे. खोल डब्यांत भरले तर मध्यभाग रात्रभर कोमट राहतो. दुसऱ्या दिवशीं ते चुलीवर चांगले उकळून घ्यावे. मंदपात्रांत पुन्हां ऊन करूं नयेत, कारण त्यास तापण्यास फार वेळ लागतो.

रिकामें झालेलें चिनीमातीचें भांडें मात्र घाईनें नळाखालीं धरूं नये. ऊन भांड्यावर गार पाणी पडलें कीं तें तडकतें. आमचें पहिलें भांडें असेंच गेलें. नंतर त्यांत तुळस लाविली.